तिकडे गेलेल्यांनी बोलायचंच नाही का?

2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवायचा विषय पेटला तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की सहा वर्षांच्या पोराला आधी मराठी नीट वाचता येऊ दे, बाकीच्या भाषा मागाहून येतील. त्यावर मामेभावाचं, म्हणजे आमच्या दादाचं, उत्तर आलं की तू आता तिकडची, पासपोर्ट तिकडचा, टॅक्स तिकडे भरतेस, इथल्या शाळांचं आम्ही बघून घेऊ. पुढे सरकारने तो निर्णय मागे घेतला, ग्रुपवर परत वाढदिवस आणि गुड मॉर्निंग सुरू झालं, पण मला ते लागलं ते लागलंच. आणि हा एकटा दादा नाहीये, कुठलाही वाद असो, निवडणूक असो, पाणी असो, आरक्षण असो, बाहेर राहणाऱ्याने तोंड उघडलं की हेच, देश सोडलात ना मग गप्प बसा. मुद्दा बरोबर की चूक ते कोणी बघतच नाही.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहते, गावाचं नाव बर्लिंगेम. अ‍ॅन्सन बर्लिंगेमच्या नावावरून पडलंय, त्याने इथे जमीन घेतली होती पण राहायला काही तो आला नाही. एल कॅमिनो या इथल्या मोठ्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना तो कोण हे माहीत नसतं. दादाच्या त्या मेसेजनंतर मात्र मला हाच माणूस सारखा आठवतो, कारण दुसऱ्यांच्या भानगडीत बोलणं हेच त्याचं आयुष्य होतं.

जन्म 1820 चा, न्यूयॉर्क राज्यातला. वाढला ओहायो आणि मिशिगनमध्ये, हार्वर्डला कायदा शिकला, बॉस्टनमध्ये वकिली आणि तिथूनच काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. 1856 मध्ये गुलामगिरीच्या विरोधात बोलला म्हणून सिनेटर सम्नरला प्रेस्टन ब्रुक्स या दक्षिणेतल्या खासदाराने भर सभागृहात काठीने बेदम मारलं, तेव्हा बर्लिंगेमने उभं राहून ब्रुक्सला भेकड ठरवलं. ब्रुक्सने द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, याने ते घेतलं, हत्यार रायफल, जागा नायगाराजवळ कॅनडाच्या बाजूला. ब्रुक्स गेलाच नाही, म्हणाला वाटेत शत्रूचा मुलूख, म्हणजे उत्तरेकडची राज्यं, लागतो.

लिंकनने 1861 मध्ये त्याला ऑस्ट्रियाला राजदूत म्हणून पाठवलं तर ऑस्ट्रियाने घ्यायलाच नकार दिला. कारण काय, तर हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या हंगेरीच्या स्वातंत्र्याच्या आणि इटलीतल्या सार्डिनियाच्या राज्याच्या बाजूने बोलला होता. म्हणजे बॉस्टनचा वकील हंगेरीबद्दल बोलतोच कसा! व्हिएन्नाच्या दरबाराचं म्हणणं आणि आमच्या दादाचं म्हणणं, मला तर काही फरक दिसत नाही. मग लिंकनने त्याला चीनला पाठवलं.

अफूची दोन युद्धं होऊन गेलेली, इंग्रज-फ्रेंचांनी तोफा रोखून करार करून घेतलेले, अशा वेळी हा पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पोचला आणि चीनशी जबरदस्तीने नाही, बोलणी करून वागायचं हे धोरण त्याने इंग्लंड, फ्रान्स, रशियाच्या वकिलातींच्या गळी उतरवलं. 1867 मध्ये तो नोकरी सोडायला निघाला तेव्हा चिनी दरबाराने त्यालाच विचारलं की आमचा दूत होशील का. आणि त्याने अमेरिकेचा राजीनामा देऊन चीनच्या सम्राटाची चाकरी धरली! झिगांग आणि सुन जियागू हे दोन चिनी अधिकारी त्याच्या बरोबरीचे दूत म्हणून सोबत. 1868 मध्ये हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, वॉशिंग्टनला गेला आणि स्वतःच्याच देशाच्या सरकारसमोर दुसऱ्या देशाच्या बाजूने बसला. न्यूयॉर्कच्या मेजवानीत त्याने सांगितलं की चीनला त्याच्या वेळेने, त्याच्या पद्धतीने वाढू द्या. माझ्या माहितीत तरी अशी दुसरी गोष्ट नाही. आपल्याकडच्या एखाद्या राजदूताने उद्या असं केलं तर टीव्हीवर काय होईल ते मी सांगायला नको.

28 जुलै 1868 ला परराष्ट्रमंत्री स्यूअर्डबरोबर करार झाला. त्याच्या पाचव्या कलमात माणसाला आपलं घर आणि आपली निष्ठा बदलायचा अधिकार जन्मजात आहे, तो काढून घेता येत नाही, असं दोन सरकारांनी लिहून दिलंय. आदल्याच दिवशी, 27 जुलैला, अमेरिकेने नागरिकत्व सोडायचा हक्क मान्य करणारा कायदाही केला होता. मी ते कलम दादाला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

पण दादाची एक गोष्ट मला खोडता येत नाही. तो म्हणतो, तुम्ही बोलता आणि परिणाम आम्ही भोगतो. बर्लिंगेमच्या करारातही तेच झालं. घर बदलायचा हक्क दिला आणि पुढच्याच, सहाव्या कलमात स्पष्ट केलं की या करारातून चिन्यांना नागरिकत्व मिळत नाही. कामाला या, रूळ टाका, आमचे होऊ नका. सिएरा नेवाडाच्या बर्फात रूळ टाकणारे बहुतेक चिनीच होते, 10 मे 1869 ला पूर्व आणि पश्चिम अमेरिका जोडणारा तो रेल्वेमार्ग पुरा झाला आणि लवकरच कॅलिफोर्नियात चिन्यांना हाकला म्हणून सभा सुरू झाल्या. 1879 मध्ये काँग्रेसने चिन्यांची आवक तोडणारं बिल पास केलं, ते प्रेसिडेंट हेजने व्हेटो केलं कारण बर्लिंगेमचा करार आडवा येत होता. मग 1880 मध्ये करारच बदलून घेतला आणि 1882 मध्ये बंदी आली ती थेट 1943 पर्यंत. आपलीही गत फार वेगळी नव्हती, 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही.

हे सगळं भोगायला बर्लिंगेम नव्हता. लंडन, पॅरिस, बर्लिन करत तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि 23 फेब्रुवारी 1870 ला न्यूमोनियाने तिथेच वारला, पन्नाशीही गाठली नाही. मार्क ट्वेनने मृत्युलेखात त्याला जगाचा नागरिक म्हटलं, मला ते पटत नाही. जगाचा नागरिक असं काही नसतं. तो बॉस्टनचा होता आणि बॉस्टनचा राहूनच चीनसाठी भांडला, पुरलंही त्याला तिकडेच, बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये. दोन्ही एका माणसात राहू शकतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

इथे गावाच्या कौन्सिलच्या मीटिंगमध्ये कोणीही उभं राहून तीन मिनिटं बोलू शकतं, पासपोर्ट कोणी मागत नाही, मी ग्रीन कार्डच्या रांगेत असतानाही बोलले आहे आणि लोकांनी ऐकून घेतलं आहे. आपल्याकडे हे का जमत नाही याचा मला राग येतो. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी परक्या राज्याची निष्ठा पूर्ण सोडते असं मी हात वर करून म्हटलं. शब्द नीट उच्चारले, मनापासून उच्चारले, हा देश मला आवडतो, माझी मुलं इथली आहेत. आणि तरी दरवर्षी दहावीचा निकाल लागला की मी कोल्हापूर विभागाची टक्केवारी बघते, तिथे माझं कोणी परीक्षेला बसलेलं नसतं. मिरजेच्या शाळेत नवीन वर्ग बांधायचे म्हणून वर्गणी निघाली तेव्हा मला कोणी म्हणालं नाही की तू आता तिकडची.

मत द्यायचा हक्क मी मागत नाहीये. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं त्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, ते मी समजून सही केली. परिणाम दादा भोगतो, निर्णय त्यानेच घ्यावा, हेही मान्य. पण पहिलीच्या पोरांना कुठल्या भाषेत आधी वाचायला शिकवायचं यावर मला मत आहे, ते मी परत लिहीन, आणि दादाने मला त्या पोरांबद्दल उत्तर द्यावं, माझ्या पासपोर्टबद्दल नाही.