गावात गाडी लावण्याआधी: साक्रीच्या भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, राम राम.

खान्देशात कॅम्पर व्हॅनने (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीने) एकट्याने फिरण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप नोंदवलेत. पहिला: राईनपाड्याला जमावाने पाच जणांना मारल्याची घटना जिथे घडली त्याच धुळे जिल्ह्यात 'वाटेत भेटेल त्याच्याशी ओळख करा' असं लिहिणं बेजबाबदार आहे. त्यापेक्षा गावाबाहेर अंधारात गाडी लावावी, पडदे ओढावेत, कोणाशी बोलू नये आणि पहाटे निघून जावं. दुसरा: ४५ डिग्रीच्या उन्हात लिथियम बॅटरी फुटेल. तिसरा: उकाड्यात काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून एसीत झोपावं, हे मी सांगितलंच नाही.

तिसरं आधी घेतो, कारण तुमचा सल्ला वाचून कोणी तसं झोपलं तर सकाळी उठणार नाही. उभ्या गाडीचं इंजिन तासन् तास चालू राहिलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साचतो. वायरिंगसाठी फ्लोअरला पाडलेल्या भोकांतून, मागच्या दाराच्या झिजलेल्या रबरातून तो आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. गाडी भिंतीला खेटून किंवा उंच गवतात उभी असेल तर अजून लवकर भरतो. म्हणून झोपताना इंजिन बंदच हवं. फ्लोअरच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवून कडेने सीलंट भरा आणि उशीच्या उंचीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. हवेसाठी दोन वाटा हव्यात: खाली एक जाळी लावलेली खिडकी आणि छतावर व्हेंट, त्यात १२ व्होल्टचा पंखा. गरम हवा वर जाते; वरची वाट नसेल तर नुसती खिडकी उघडून फारसं काही होत नाही. एवढं करूनही मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या गाडीत झोप लागत नाही. तेव्हा लॉज घ्यावा. व्हॅनने फिरायचे दिवस दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचेच.

आता राईनपाडा. तुम्ही ते नाव काढलंत हे बरं झालं, कारण मूळ लेखात ते यायलाच हवं होतं. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षुकी करत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणाऱ्या टोळीतले समजून जमावाने मारले. मोबाइलवरच्या अफवा आधीच फिरत होत्या; त्यातले एक जण लहान मुलीशी बोलताना दिसले, एवढं निमित्त पुरलं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. पण भाऊ, ते अंधारात लपलेले नव्हते आणि लपले असते तर वाचले असते असंही नाही. त्यांची कोणाला ओळख नव्हती आणि ती पटवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. व्हॅनवाल्याला चार चाकांमुळे जो विश्वास आपसूक मिळतो, तोही त्यांच्या वाट्याला आला नाही. म्हणून त्यांच्या मरणाचा दाखला देऊन आपण घाबरून लपावं, हे मला पटत नाही.

गावाबाहेर अंधारात गाडी लावण्याचा सल्ला खान्देशात तर फारच धोक्याचा आहे. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. शेतकरी एक वाजता, दोन वाजता टॉर्च घेऊन मोटार चालू करायला निघतो. मोटारीची केबल आणि तांब्याची तार चोरीला जाण्याचा त्रास त्याला पाठ झालेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात घरात कापूस भरलेला असतो. अशा वेळी विहिरीजवळ, शेतरस्त्यावर, पडदे ओढलेली अनोळखी गाडी दिसली तर त्याने काय समजावं? तो चार जणांना फोन करणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेची कापणी असेल तर शेतरस्त्यावर अवेळी ट्रक येतात. वाट अडली की भांडण, आणि गाडी बाजूला घ्यावी तर चाक काळ्या मातीत रुतून बसतं.

तेव्हा नीट पद्धत अशी. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गावात साडेचार, फार तर पाचपर्यंत पोहोचा. पारापाशी किंवा किराणा दुकानासमोर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, खाली उतरा. काच खाली करून आतूनच विचारू नका. राम राम घाला. नाव, गाव, कुठून आलो, उद्या सकाळी कुठे निघणार, हे न विचारता सांगा. 'राम राम दादा, आठे रातभर गाडी उभी करू का?' एवढी अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे पुरते. यावल-रावेरला बोली बदलते, पण मराठी सगळीकडे चालते. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात कोकणी, भिल्ली, पावरी बोलतात. म्हाताऱ्या माणसाला तुमची मराठी समजेलच असं धरून चालू नका. तिथे आश्रमशाळेचे गुरुजी, आशाताई किंवा दुकानदार यांच्यामार्फत बोला.

मग पोलीस पाटलांचं घर विचारा. ही पायरी मूळ लेखात नव्हती, ती माझी चूक. त्यांना ओळखपत्राची झेरॉक्स द्या (आधार असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं), गाडीचा नंबर द्या, त्यांचा फोन नंबर घ्या. जागा त्यांनाच दाखवू द्या. आपण निवडलेली जागा छान दिसते, पण तिथून पहाटे जनावरं निघतात की बायका पाण्याला जातात, हे गावालाच ठाऊक. ग्रामपंचायतीचं आवार किंवा देवळासमोरची मोकळी जागा चांगली. शाळेचं पटांगण, हातपंपाजवळची जागा आणि दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार असेल तर बाजाराची जागा टाळा. भाजीवाले पहाटेच येऊन आपली जागा धरतात.

जेवण होईपर्यंत सरकता दरवाजा उघडा आणि आतला दिवा चालू ठेवा. पलंग, शेगडी, पाण्याचा जार सगळ्यांना दिसू द्या. दिसल्यावर कुतूहल संपतं. पडदे फक्त झोपताना. समोरच्या काचेआड एका कागदावर मोठ्या अक्षरांत नाव, गाव, फोन आणि 'पोलीस पाटलांना कळवले आहे' असं लिहून ठेवा. रात्री उशिरा येणाऱ्याला तुम्हाला उठवावं लागत नाही.

मुलांच्या बाबतीत नियम कडक पाळा. चॉकलेट-बिस्किट वाटायचं नाही. गाडीत बसवायचं नाही, त्यांच्या घरच्या कोणाला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. मुलं जमणारच, 'घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन या, मग दाखवतो' म्हणा. ड्रोन उडवू नका. आणि त्या भागात 'टोळी आली' असे मेसेज फिरत असतील तर त्या आठवड्यात गावात मुक्काम नकोच, सरळ शहरातला लॉज गाठा.

एकट्या बाईने फिरायचं असेल तर ओळख घरातल्या बाईपासून सुरू करावी. 'मावशी, तुमच्या अंगणासमोर गाडी लावू का?' असं विचारलं की बहुतेक वेळा पुढचं त्याच ठरवतात. गाव नको वाटलं तर हायवेवरचा कॅमेरे असलेला पेट्रोल पंप चांगला. हवा, पिण्याचं पाणी आणि शौचालय तिथे असायलाच हवं. मॅनेजरला विचारून थांबा, नोझल आणि टँकर रिकामा करायच्या जागेपासून लांब, आणि पंपाच्या आवारात शेगडी अजिबात पेटवू नका. ढाब्यावर थांबलात तर शेवभाजी तिथेच खा, मग जागा मागा. गाडी ट्रकच्या मागे लावू नका, पहाटे रिव्हर्स घेताना ड्रायव्हरला बुटकी व्हॅन दिसत नाही.

कुठेही असलात तरी गाडीचं तोंड बाहेर जायच्या वाटेकडे, ड्रायव्हरची सीट मोकळी, किल्ली रोज एकाच खुंटीला. घरच्यांना ठरलेल्या वेळी लोकेशन पाठवा. चांदसैली घाट चढण्याआधी किंवा तोरणमाळला निघण्याआधी 'उद्या सकाळी नऊपर्यंत मेसेज नाही आला तर ११२ला फोन करा' असं सांगून ठेवा, कारण सातपुड्यात रेंज जाते. जमलेल्यांत कोणी प्यायलेलं असेल, किंवा एकच माणूस 'एकटेच का?' असं तिसऱ्यांदा विचारत असेल, तर कारण न देता निघा. पोलीस पाटलांना मात्र फोन करून सांगा.

बॅटरीबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. व्हॅनमध्ये बसवतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट; ती मोबाइलच्या बॅटरीसारखी सहज पेट घेत नाही. पण साधारण ४५ डिग्रीच्या वर तिला चार्ज करू नये, आणि चांगला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) ती जास्त तापली की चार्जिंग तोडतो. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ६० पर्यंत सहज जातं. त्यात मारुतीची ईको घेतली असेल तर इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीटमागेच बॅटरीची पेटी ठोकली की दोन्हीकडून ताप. ती गाडीच्या आत, मागच्या चाकाच्या वरच्या भागात हलवा, चारी बाजूंनी चार सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात हवा. १००० वॉटच्या इन्व्हर्टरला १२५ अँपिअरचा फ्यूज आणि २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल.

हिशेबही करून पाहा. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२८० वॉट-तास. ४५ वॉटचा छोटा फ्रिज डिसेंबरात दिवसाच्या ३० टक्के वेळ चालला तर ३२५ वॉट-तास. मेमध्ये ६० टक्के धरला तर ६५०. छतावरचं २०० वॉटचं पॅनेल दिवसाला साधारण ७०० देतं, तेही उन्हात तापलं की उतरतं. म्हणजे मेमध्ये सगळं ऊन फ्रिजच खाणार, पंख्याला काही उरत नाही. १००० वॉटवर चालणारी इंडक्शन वीस मिनिटांत ३३० च्या वर खाते, म्हणून स्वयंपाकाला पाच किलोचा गॅसच बरा, दार उघडं ठेवून.

मूळ लेखातलं 'भेटेल त्याच्याशी ओळख करा' हे वाक्य आज काढलंय. तिथे पोलीस पाटलांची पायरी आणि राईनपाड्याचा उल्लेख घातला आहे. तुम्ही साक्रीचे आहात, तर एक मदत करा: पिंपळनेरकडच्या गावांचे आठवडे बाजाराचे वार इथे खाली लिहा. कोणत्या गावात कोणत्या रात्री गाडी लावू नये, हे त्यावरून ठरवता येईल.