‘दार सताड उघडं टाकलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

फाइलची परवानगी तपासताना लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, गटाची तपासणी कधी गाळतो यावर मी लेख लिहिला होता. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवात ‘नाशिकला बसून कर्नलवर प्रवचन’ अशी. लिनक्सचा सोर्स गंगापूर रोडवर उघडला म्हणून त्यातल्या ओळी बदलत नाहीत. मतभेद जरूर मांडा, गावावर घसरायचं कारण नव्हतं. लेखाचं ‘फुकटचा वेग’ हे शीर्षक भडक होतं, तेवढं मान्य.

आता तुमचं वाक्य: ‘गटाची तपासणी गाळली म्हणजे सुरक्षेचं दार सताड उघडं टाकलं.’ हे लिहिण्याआधी कर्नलमधलं परवानगी तपासणारं ते फंक्शन एकदा वाचायला हवं होतं. २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून कर्नल गटाचे आणि इतरांचे परवानगीचे बिट आधी ताडून पाहतो. मोडचे तीन आकडे म्हणजे क्रमाने मालक, गट आणि इतर; प्रत्येकात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, एक्झिक्यूटचा १. डिरेक्टरी ७५५ असेल तर मालक सोडून सगळ्यांना, गटात असोत वा नसोत, ५ च मिळणार. उत्तर बदलणारच नसेल तर गट शोधायचा कशाला? तो शोध म्हणजे प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) गटांच्या यादीत बायनरी सर्च, म्हणजे यादी दर वेळी निम्मी करत शोधणं. यादी ६५,५३६ पर्यंत जाऊ शकते, आणि पाथमधल्या, म्हणजे फाइलच्या पत्त्यातल्या, प्रत्येक डिरेक्टरीला एक्झिक्यूटची (डिरेक्टरीत शिरण्याची) परवानगी नव्याने तपासावी लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे फाइल सर्व्हर मी वर्षानुवर्षं सांभाळले आहेत. ढीगभर गटांत नाव असलेले यूजर मला नवे नाहीत.

७०५ घ्या. गटाला ०, इतरांना ५. बिट वेगळे, म्हणून शोध होतोच आणि गटातल्या माणसाला नकार मिळतो. ७५४ मध्ये नुसतं वाचायचं असेल तर दोन्हीकडे सारखंच, शोध नाही. एक्झिक्यूट मागितलं की फरक पडतो, शोध होतो. तुलना फक्त मागितलेल्या बिटांची. एसीएल (यूजरनिहाय परवानग्यांची जादा यादी) लागू असेल तर ती याच्या आधी पाहिली जाते, आणि मोडने होकार दिल्यावरही सेलिनक्सला (कर्नलमधल्या वेगळ्या सुरक्षा-यंत्रणेला) वेगळं विचारलं जातं. यात कुठलं दार उघडं राहिलं, ते नेमका मोड लिहून दाखवा. नुसता ‘सुरक्षा’ हा शब्द फेकू नका.

‘खरा खर्च डिस्कचा’ म्हणता. डेंट्री (फाइलच्या नावाची नोंद) आणि आयनोड (फाइलच्या मालक-परवानग्यांची नोंद) मेमरीतल्या कॅशमध्ये असताना डिस्क येते कुठून?

राहिले तुमचे पर्फचे (लिनक्सवर वेग मोजणाऱ्या साधनाचे) आकडे. ते तुम्ही रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून काढलेत, कमांडच्या ओळीतच दिसतं. तुम्ही मोजलेल्या /usr खालच्या डिरेक्टरींचा मालक रूटच, त्यामुळे निकाल मालकाच्या बिटांवरच लागतो. गटाचा कोड धावतच नाही. मग ५.७ आणि ५.८ मध्ये फरक दिसणार कसा? बरेच गट असलेला साधा यूजर घ्या, पाथ कॅशमध्ये यावेत म्हणून एक फेरी आधी मारा, आणि दोन्ही कर्नलवर पुन्हा मोजा.