एसाव पण रिबकेच्याच पोटचा ना?

आज एका सांत्वन उपासनेत पाहुण्या उपदेशकांनी पौलाच्या रोमकरांस पत्राचा 9वा अध्याय काढला. घरातला तरुण मुलगा गेलेला, बरीच वर्षं मंडळीत न आलेला. आणि वाचन काय, तर रिबकेच्या जुळ्या मुलांबद्दल देवाचे शब्द, "याकोबावर मी प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला". वर पंधरा मिनिटं निवडीचा सिद्धांत, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय! चहाच्या वेळी त्या आईने एवढंच विचारलं, "एसाव पण रिबकेच्याच पोटचा ना हो?" सगळे बशीत बघत बसले.

अहो, ती ओळ आली कुठून ते तरी बघा! पौल तिथे जुन्या करारातला मलाखी 1:2-3 सांगतोय, आणि मलाखीच्या डोळ्यांपुढे आहे अदोम राष्ट्र, एसावाचे वंशज. उत्पत्ती 25:23 मध्ये रिबकेलाही देव तिच्या पोटातल्या दोन राष्ट्रांबद्दलच सांगतो. लूक 14:26 मध्ये येशू आईबापांचा 'द्वेष' करायला सांगतो, तिथे आपण लगेच म्हणतो, म्हणजे प्रीती कमी. मग एसावाच्याच वाट्याला शब्दशः अर्थ का?

बरं, रोम 9 मध्ये माणसांची निवड नाहीच, असं नाही म्हणत. मिसरचा राजा फारो आहे तिथे. मान्य.

आणि हा सिद्धांत मानणाऱ्या कॅल्विनवाल्यांना झोडपायला बसले नाहीये मी. उलट त्यांचाच कागद उघडा. त्यांच्या विरोधात डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली, त्यांचा निकाल लावायला 1618-19 मध्ये हॉलंडात डॉर्टची सभा भरली. ख्रिस्ताच्या मरणाने तारण साधतं ते निवडलेल्यांचं, हे तिथे ठरलं, ठरावाच्या दुसऱ्या प्रकरणात. पण त्याच प्रकरणात असंही आहे की ते मरण साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरेल एवढं मोलाचं आहे आणि शुभवर्तमान भेदभाव न करता सांगायचं आहे. त्याआधी, पहिल्या प्रकरणाच्या 14व्या कलमात: हा सिद्धांत विवेकाने, योग्य वेळी, योग्य ठिकाणी शिकवावा. 16व्यात: ज्याला अजून खात्री वाटत नाही त्याने नाकारलेल्यांच्या, म्हणजे देवाने न निवडलेल्यांच्या, उल्लेखाने घाबरू नये. मयताच्या घरी हे काढू नये, एवढं 400 वर्षांपूर्वीच्या त्या कडक डच पाळकांनाही कळत होतं!

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी पर्टिक्युलर बॅप्टिस्ट, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला असं मानणाऱ्या पंथातला. तरी बंगालात सेरामपूरला 1811 मध्ये मराठी नवा करार छापलाच ना? आधी निवडलेल्या मराठी माणसांची यादी मागत बसला नाही.

आपले वेस्लीवाले, म्हणजे कृपा स्वीकारायची की नाकारायची हे माणसाच्या हाती मानणारे मेथडिस्ट, लगेच टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांनाही एक. 'माणसाने स्वीकारलं म्हणून तारण' एवढंच सांगून थांबलात, तर ती आई रात्रभर हाच हिशेब करत बसेल की पोराने कधी स्वीकारलं होतं का. वेस्लीही माणसाच्या होकाराआधी देवाची कृपा ठेवतो. ते सांगा आधी.

पुढच्या आठवड्यात त्या घरी पुन्हा प्रार्थना आहे. जो कोणी जाईल त्याने रोम 9 काढायचाच असेल, तर 11:32 पर्यंत वाचावं, "सर्वांवर दया" येईपर्यंत. 86 वचनं होतात, सावकाश वाचली तरी पंधरा मिनिटं. आणि दुसरं-तिसरं वचन गडबडीत ओलांडू नका. आपल्याच लोकांसाठी पौलाचं काळीज तुटतंय तिथे. त्या माउलीला ते ऐकू द्या.