बकलचे ‘अटळ नियम’ आणि २४० आत्महत्या

“कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या हेन्री थॉमस बकलने इतिहासाचे अटळ नियम शोधले, देशाचं नशीब हवामान ठरवतं हे आकड्यांनी सिद्ध केलं, म्हणून पंडितांनी त्याला दडपलं,” असा मजकूर फिरतोय. बकल हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज इतिहासकार. कॉलेजचं तेवढं खरं आहे.

दडपलं कुणी? १८५७ मध्ये त्याच्या ‘हिस्टरी ऑफ सिव्हिलायझेशन इन इंग्लंड’चा पहिला खंड आला आणि बकलचं नाव लंडनभर झालं. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनने त्याला व्याख्यानाला बोलावलं. जर्मन इतिहासकार ड्रॉयसेनने १८६३ मध्ये त्याला झोडपलं, पण रीतसर परीक्षण लिहून. आणि बकल कफल्लकही नव्हता. व्यापारी वडील १८४० मध्ये वारले, तेव्हा त्याच्या वाट्याला सुमारे २०,००० पौंड आले. (तो अव्वल दर्जाचा बुद्धिबळपटू होता, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.)

खरी गोम आकड्यांत आहे. लंडनमध्ये दरवर्षी सुमारे २४० आत्महत्या होतात, म्हणजे समाजाच्या अमुक अवस्थेत अमुक इतक्यांनी जीव द्यायलाच हवा, असं तो म्हणतो. १८४६ पासूनचे त्याचेच आकडे घ्या: २६६, २५६, २४७, २१३, २२९. सरासरी २४२ येते, बरोबर. पण कमाल आणि किमान यांत ५३ चा फरक आहे, म्हणजे सरासरीच्या जवळपास २२ टक्के. पहिली चार वर्षं आकडा सलग उतरतोय. सरासरी काढली की तो उतार दिसेनासा होतो. शिवाय १८४१ ते १८५१ मध्ये लंडनची वस्ती साडेएकोणीस लाखांवरून साडेतेवीस लाखांच्या वर गेली. माणसं वाढत असताना आत्महत्या तेवढ्याच राहिल्या, तर दर घसरतोय. आधी लोकसंख्येने भागायचं, मग नियमाची भाषा करायची. आणि दर स्थिर निघाला, तरी सरासरी हा झालेल्या घटनांचा हिशेब असतो, त्यांचं कारण नव्हे.

हवामानाचं तर बकल सरसकट बोललेलाच नाही. युरोपबाहेर निसर्ग माणसावर भारी, युरोपात माणूस निसर्गावर, अशी त्याची सोयीस्कर वाटणी होती. हिंदुस्थानात भात भरघोस पिकतो, त्यामुळे लोकसंख्या फुगते, मजुरी पडते, सत्ता-संपत्ती वरच्यांकडे जाते आणि शूद्र दबलेले राहतात, ही त्याची साखळी. ती आपल्या ‘देशा’वर, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेच्या पठारावर, लावून बघा. इथे कोरडवाहू ज्वारी-बाजरी हेच रोजचं अन्न होतं, भात सणावाराचा. साखळी खरी असती, तर कोकणापेक्षा देशावर जातीची उतरंड सैल असायला हवी होती. गावकुसाबाहेरचे वाडे मात्र दोन्हीकडे होते.