शेडमधली शेगडी आणि उघडी खिडकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काकाजी,

हिवाळ्यात घरच्या शेडमध्ये ट्रॅक्टर-मोटारसायकलीचे काम करताना ऊब आणि हवा यांची सोय कशी लावावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. निखाऱ्यांची शेगडी जवळ ठेवून आपण चाळीस वर्षे काम केले आणि काही झाले नाही, हा आपला पहिला आक्षेप. खिडकी उघडी ठेवून हीटर लावणे म्हणजे वीज वाया घालवणे, हा दुसरा. आणि वेल्डिंग चालणाऱ्या शेडमध्ये पत्र्याखाली थर्माकोल लावण्याचा माझा सल्ला धोक्याचा आहे, हा तिसरा.

तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. थर्माकोल पेटला की वितळतो आणि त्याचे जळते थेंब खाली काम करणाऱ्याच्या अंगावर पडतात. हे मी लिहितानाच ध्यानात घ्यायला हवे होते. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे, आणि ज्यांनी तो वाचून थर्माकोल लावला असेल त्यांनी तो कृपया उतरवावा. पत्र्याखाली काही लावायचेच असेल तर रॉकवूलसारखा (दगडी तंतूंचा) न जळणारा थर लावावा, नाहीतर पत्रा उघडा राहिलेला बरा.

बंद शेडमध्ये निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये, या माझ्या म्हणण्यावर मात्र मी ठाम आहे. आपले जुने शेड कवेलूंचे आणि तट्ट्यांच्या भिंतींचे होते, असे आपणच लिहिले आहे. कवेलूंच्या फटींतून आणि तट्ट्यांतून रात्रभर हवा खेळत होती, म्हणून त्या शेगडीने आपल्याला त्रास दिला नाही. आज आपण बांधत आहात ते शेड सिमेंटच्या भिंतींचे, वर टिनाचे पत्रे आणि पुढे शटर असलेले आहे. धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे शेगडी आत आणायला हरकत नाही, असे आपल्याकडे सगळेच मानतात. परंतु धूर न देणारा हाच निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो.

मी स्वतः हे एकदा अनुभवले आहे. जानेवारीतल्या एका रात्री शटर गुडघ्याएवढे उघडे ठेवून मी मोटारसायकलचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जुळवत होतो आणि इंजिन सुरूच होते. डोके ठणकू लागले, मळमळले. पित्त झाले असावे असे समजून मी अंगणात येऊन बसलो, तेव्हा थोड्या वेळाने बरे वाटले. परत आत गेलो आणि पुन्हा कपाळ जड झाले, तेव्हा कुठे कारण उमगले: इंजिनाच्या धुरातला हाच वायू. डिझेल इंजिन हा वायू पेट्रोलपेक्षा कमी सोडते हे आपले म्हणणे खरे आहे, पण त्याची काजळी आणि इतर विषारी वायू छातीत जातातच. इंजिन सुरू करायचे तर गाडी बाहेर काढावी; त्याला खिडकी किंवा पंखा हा पर्याय नाही.

आता विजेचा प्रश्न. बारा फूट रुंद, वीस फूट लांब आणि दहा फूट उंच शेडमधली सगळी हवा 10 अंशांनी तापवायला जेमतेम पाव युनिट वीज लागते. ऊब खरी जाते ती पत्र्यातून: आत-बाहेर तेवढाच फरक राखायचा तर एकटे छतच दर तासाला एक युनिटाहून जास्त उष्णता बाहेर टाकते. म्हणजे खिडकी बंद करून आपण थोडे वाचवतो आणि जीव मात्र धोक्यात घालतो. यावर माझा उपाय असा की शेड तापवूच नये, माणूस तापवावा. हॅलोजन हीटर हवेला नव्हे, समोरच्या अंगाला ऊब देतो. त्याला बाजूने, दीड-दोन फूट उंचीवर ठेवून पाठीवर रोखावे आणि पायाखाली जाड रबरी चटई टाकावी. बोटे बधिर झाली की पाना निसटतो, म्हणून हातांना ऊब मिळणे सगळ्यांत महत्त्वाचे. पेट्रोल किंवा थिनर उघडे असेल तेव्हा मात्र हीटर बंदच असला पाहिजे.

काही वाचकांनी गॅसच्या शेगडीचे सुचवले आहे, तेही टाळावे. 1 किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळते आणि गार पत्र्याला चिकटते. मी एकदा हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, उतरवलेले इंजिन तसेच ठेवून झोपलो होतो. सकाळी पिस्टनच्या माथ्यावर पाण्याचे थेंब होते आणि बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) तांबूस गंज धरू लागला होता.

नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी तापमान 3.5 अंशांवर उतरले होते, तेव्हा आपल्याकडे थंडी नसतेच असे म्हणता येणार नाही. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दिवसा मोकळा नसतो, दुरुस्ती रात्रीच करावी लागते. आपल्या शेडवर गवंडी अजून काम करत आहे, तोवरच समोरासमोरच्या भिंतींत दोन भोके ठेवून घ्यावीत: एक जमिनीलगत, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते, दुसरे पत्र्याखाली, कारण बॅटरी चार्जिंगला लावली की त्यातून निघणारा ज्वलनशील हायड्रोजन वर जातो. दोन्ही वीतभर लांब-रुंद असावीत आणि जाळी लावून कायम उघडी ठेवावीत.