टॅरोचे पत्ते स्वतः विकत घेतले तर पीडा लागते? खुलासा

सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणं, ही इजिप्तच्या पुजाऱ्यांची विद्या, पत्ते भेट मिळालेलेच हवेत, स्वतः विकत घेतले की घराला पीडा. जुळे सोलापूरपासून नव्या पेठेपर्यंत नवशिकी मुलं-मुली त्यामुळे धास्तावलीत.

इजिप्तचं आधी बघू. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, तेही खेळायला. आपल्या गंजिफासारखा दरबारी मंडळींचा डाव. इजिप्तची कथा १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने छापली. गंमत म्हणजे तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती! शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये.

भेटीचा नियम ही निव्वळ ऐकीव समजूत. आज सर्वांत ओळखीचा असलेला, पामेला कोलमन स्मिथच्या चित्रांचा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला तो विक्रीसाठीच.

संचातल्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांत तेरा क्रमांकाचा ‘मृत्यू’ असतो. तो आला म्हणजे घरात कुणी जाणार, असं नव्हे. वाचणारे त्याचा अर्थ बहुधा एखादी गोष्ट संपून बदल होणं असा लावतात. पत्त्यांना भविष्य कळतं याला पुरावा नाहीच. पण रोज एक पत्ता काढून, चित्र बघून मनात काय आलं ते वहीत लिहायला काय हरकत आहे? पत्त्यांचे अर्थ पाठ करत बसू नका. आणि ‘पत्त्यांचा दोष’ काढून देतो म्हणत कुणी पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा.