मोकळी हो

काल ऑफिसच्या वॉशरूममध्ये माझं सांत्वन झालं. मी मागितलेलं नव्हतं.

माझे डोळे कोरडे. नुसते कोरडे म्हणून भागत नाही, त्याचं माप निघतं: खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि ती किती ओली झाली ते मोजतात. पाच मिलीमीटरच्या खाली म्हणजे दुष्काळ. माझी पट्टी जशी गेली तशी परत आली. म्हणून मी स्क्लेरल लेन्स लावते. ही नेहमीच्या लेन्सपेक्षा मोठी आणि कडक, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, स्पर्श न करता त्याच्यावर कमान धरते. मधल्या पोकळीत सलाईन. डोळा दिवसभर पाण्यात, मी सुखात.

पण ती घालायची तर लेन्स सलाईनने काठोकाठ भरा, चेहरा जमिनीला समांतर होईपर्यंत ओणवे व्हा, पापण्या फाकवा आणि लेन्स खालून वर न्या. आत हवेचा बुडबुडा राहिला की काढा, भरा, परत ओणवे. त्यात माझं सलाईन दुपारपर्यंत गढुळतं आणि समोरचा एक्सेल धुक्यात जातो. म्हणजे हा सोहळा ऑफिसातही.

काल मी अशीच बेसिनवर ओणवी, श्वास रोखून. अकाउंट्समधल्या एक ज्येष्ठ मॅडम आत आल्या. वाकलेली पाठ आणि हनुवटीवरून टपटपणारं सलाईन, एवढा पुरावा त्यांना पुरला.

“अगं बाई! काय झालं?”

“काही नाही मॅडम, लेन्स घालतेय.”

“हो हो. मी पण डोळ्यात कचरा गेला म्हणायचे.” आणि त्यांनी पाठ थोपटली. मनापासून थोपटली. लेन्स बेसिनमध्ये.

मी “नळ नको!” म्हणेपर्यंत त्यांनी ती उचलून धो धो नळाखाली धुतली, वर पदराला पुसली. “घे, स्वच्छ केली.” आता नळाच्या पाण्यात अमीबाच्या जातीचा एक जीव असू शकतो आणि तो कॉर्नियात घुसला तर दृष्टीवर बेततं, हे वॉशरूममध्ये कुणाला कसं समजावायचं? लेन्स डबीत गेली, जंतुनाशकात, दुसऱ्या दिवसापर्यंत. उघडा पडलेला डोळा एसीच्या वाऱ्याने चिडला आणि वाहायला लागला. कोरड्या डोळ्याची ही खास बदमाशी: चुरचुरला की पूर आणतो, आणि ते पाणी टिकत नाही, नुसतं गालावरून जातं.

“येतंय ना? येऊ दे. रडून घे गं, मोकळी हो. नवरा का?”

“नाही हो.”

“मग सासू.”

“मॅडम, मला ड्राय आय आहे. मला रडूच येत नाही.”

त्यांनी माझ्या ओल्या गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला जवळ घेतलं. “इतकं साठवलंस?”

अॅडॉल्फ फिक नावाच्या डॉक्टरने 1888 मध्ये काचेच्या अशाच मोठ्या लेन्सबद्दल लिहिलं. त्याने त्या आधी सशांना घातल्या, मग स्वतःला. मला त्या सशांचा हेवा वाटतो. त्यांना कुणी सासूबद्दल विचारलं नसणार.

जागेवर परतले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, आवाज उतरवून “घरचं सगळं ठीक होईल” म्हणाले आणि माझं टेबल एसीच्या झोतातून हलवून खिडकीशी लावायला सांगितलं. हेच टेबल हलवा म्हणून मी डॉक्टरांच्या पत्रासकट अर्ज दिला होता. त्याला “डोळे तर छान दिसतात तुमचे” एवढंच उत्तर मिळालं होतं, तेही हसून. दिवसभर पापणीखाली वाळू असल्यासारखं वाटतं, हे लेखी दिलं तर फाइलला लागतं; नवऱ्याने छळलं असेल अशी नुसती शंका आली की दोन शिपाई टेबल उचलायला धावतात. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही. त्याला पुढच्या महिन्यात ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला यायचंय.

आज दुपारी धुकं आलं तसा मी लेन्सचा डबा घेऊन उठले, तर मॅडम माझ्याआधी दाराशी हजर. मी आत ओणवी झाले आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, “थांबा गं, आत जाऊ नका कुणी. तिचं चाललंय.”

बुडबुडा न राहता लेन्स पहिल्या फटक्यात बसली.